कातडी रापते, तरी दुर्बीण अवकाशात का?

प्रश्न : मे महिन्यात सीताबर्डीपर्यंत दुचाकीने गेले, तरी हातमोज्याची कड जिथे संपते तिथून कातडी रापते. अतिनील किरण जमिनीवर पोहोचत असताना ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय खगोल-उपग्रहाची अतिनील दुर्बीण अवकाशात का पाठवावी लागली? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कातडी रापवणारे किरण साधारणपणे ३०० नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचे असतात, त्याहून आखूड किरण ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वर शोषून घेतात (आणि नागपूरकरांनी त्याबद्दल कृतज्ञच असावे!), परंतु अतितप्त तरुण तारे आणि श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले तप्त गाभे) नेमके याच पट्ट्यात प्रखर दिसतात. म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या या उपग्रहावर, सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून निरीक्षण करण्यासाठी, सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या आरशांच्या दोन दुर्बिणी शेजारी-शेजारी बसवण्यात आल्या. आरसा तसा लहानच; तरीही त्यांच्या प्रतिमेची सुस्पष्टता दीड कोनीय सेकंदाच्या आसपास आहे (कोनीय सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग; आकडा जितका लहान, तितकी प्रतिमा स्पष्ट), तर ‘गॅलेक्स’ या अमेरिकी दुर्बिणीचा आरसा ५० सेंटिमीटरचा असूनही तिची मर्यादा सुमारे पाच कोनीय सेकंदांची होती. दाट तारकागुच्छांतील तारे वेगवेगळे ओळखताना हा फरक फार मोलाचा ठरतो.