पुढचं चाक काढायचंच राहिलं!

प्रश्न : आमचे जावई कॅलिफोर्नियात असतात, तिथे त्यांनी कुणीतरी गॅरेजमध्ये बनवलेलं लाँग-ईझी नावाचं दोन सीटचं विमान सेकंडहँड घेतलंय. परवा उतरताना पुढचं चाक बाहेर काढायलाच विसरले, विमान नाकावर घासत जाऊन थांबलं. आणि हे व्हिडिओ कॉलवर हसत सांगतायत, पॅच मारला की झालं! आत 'एक्सपेरिमेंटल' अशी पाटी पण आहे म्हणे. मुलगी मागे बसते हो, माझा जीव टांगणीला. - एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, हसतायत त्याला कारण आहे. हे बर्ट रुटानचं डिझाइन, 1979 मध्ये पहिल्यांदा उडालं, प्लॅन विकत घेऊन लोकांनी फोम, फायबरग्लास आणि इपॉक्सी वापरून घरीच बनवलं. यात इंजिन आणि पंखा मागे. नेहमीच्या छोट्या विमानात पंखा पुढे असतो, चाक नसलं की तो रनवेवर आपटतो, फिरतं इंजिन अचानक अडतं आणि मग क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, काही झालंय का हे बघायला इंजिन उघडावं लागतं, खरा खर्च तिथे. जावयांच्या विमानात मागची दोन चाकं कायम बाहेरच, आत जातं ते फक्त पुढचं, त्यामुळे वेग उतरला की नाक खाली येतं आणि फायबर घासलं जातं, बस. अहो, पार्किंगमध्ये तर हे विमान मुद्दाम चाक दुमडून नाकावरच टेकवून ठेवतात, नाहीतर पायलट खाली उतरला की मागे कलंडतं!

विसरायलाही सोपं आहे. चाक हाताने हँडल फिरवून काढायचं, आणि एवढंसं चाक आत असो की बाहेर, उडताना फारसा फरक जाणवत नाही, म्हणजे विमान स्वतःहून काही सांगत नाही. म्हणून बरेच जण पॉवर कमी केली आणि चाक आत असलं की भोंगा वाजेल अशी सोय करून घेतात. जावयांनी बसवलाय का विचारा.

पाटीला घाबरू नका, हौशी लोकांनी बनवलेल्या प्रत्येक विमानात तिथे ती लावावीच लागते. मला खटकतंय ते सेकंडहँड. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने 2012 मध्ये अशा घरी बनवलेल्या विमानांचा अभ्यास केला, त्यात 2011 च्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं मालकांनी वापरलेली विकत घेतलेली होती. बनवणाऱ्याला त्यातली वायर न् वायर माहीत असते, घेणाऱ्याला नाही. शिवाय लाँग-ईझीत मागच्या सीटला स्टिक (विमान चालवायचा हातातला दांडा) असते पण नाक डावी-उजवीकडे वळवायची पायातली पेडल्स नसतात, म्हणजे मागे शिकवणारा बसवला तरी तो पूर्ण सांभाळू शकत नाही.

तेव्हा जावयांना विचारा, हेच विमान बरीच वर्षं उडवलेल्या कुणाकडून नीट धडे घेतलेत का, आणि दुरुस्तीनंतर चाकाची यंत्रणा जाणकार मेकॅनिकने बघितली का. दोन्ही झालं नसेल तर मुलीला म्हणावं तोवर गाडीने फिर.