आधी वेळ माग, विषय सगळ्यात शेवटी सोड

प्रिय,

प्रमाणपत्रावर ‘डिस्कॅल्क्युलिया’, म्हणजे गणितातली अध्ययन अक्षमता, असं लिहून आलं आणि घरात लगेच दोन तट पडले. बाबा म्हणतात गणित सोडून टाक, आत्या म्हणते शाळाच सोड आणि एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला, बस. नववीच्या वर्षात दोन्ही गोष्टी करता येतात, म्हणूनच घाई नको. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती सगळ्या एका मापाच्या नसतात. जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस यांमुळे तुझं पुढे काहीच अडत नाही. विषय बदलण्याची सवलत मात्र गुणपत्रिकेवर कायमची राहते, आणि दोन वर्षांनी प्रवेशाच्या खिडकीवर तीच आडवी येते.

बोर्डाच्या वेळापत्रकात बीजगणिताच्या शेजारी ‘अंकगणित, पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी’ असा पेपर दिसेल. सातवीच्या पातळीचं गणित असतं ते. विज्ञानालाही तसाच पर्याय आहे: शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र. दहावी पार पडते, पण अकरावी विज्ञान आणि आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, फिटरसारखे ट्रेड तिथेच मागे पडतात. कला शाखेला याचं सोयरसुतक नाही. वाणिज्यला बारावीत गणिताऐवजी एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, घेता येतं. तुला चित्रकलेकडे जायचं असेल तर अंकगणित घेण्यात काही गैर नाही. ‘अजून ठरलं नाही’ असं असेल तर मात्र मूळ गणित धरून ठेव.

धरून ठेवणं जमेल का, ते घरच्या घरी तपासता येतं. बोर्डाची बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका घे. ४० गुण, दोन तास. निळ्या पेनाने सुरुवात कर. दोन तास झाले की हिरवं पेन घे आणि आणखी ४० मिनिटं लिही, कारण जादा वेळ तासाला २० मिनिटं या हिशेबाने मिळतो. मग पेपर बाईंकडून तपासून घे. हिरव्या शाईत सात-आठ गुण वाढले असतील तर तुझी अडचण वेळेची होती, विषयाची नव्हे. पायऱ्या बरोबर, पण प्रश्नातले ३४ उतरवताना ४३ झाले असतील तर वाचक आणि लेखनिक हवा. कुणी प्रश्न वाचून दाखवला, उत्तर लिहूनही घेतलं, तरी एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज कशी करायची तेच सुचत नसेल तर गाडी पाचवी-सहावीत अडली आहे. तेव्हाही लगेच अंकगणिताकडे वळू नकोस. तीन महिने विशेष शिक्षकाकडे अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या कर, मग हाच पेपर पुन्हा सोडव. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ लागतात, आणि त्या १०० मध्ये २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. लोक हे २० विसरतात आणि उगाच धास्ती घेतात.

लेखनिक मिळाला म्हणजे सुटलो असं नाही. तो तुझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असतो. त्याला बीजगणित आलेलं नसतं आणि तसंच असायला हवं. तू म्हणालीस ‘एक्स अधिक दोनाचा वर्ग’, तर तो फक्त दोनावर वर्ग लिहील आणि पुढचं सगळं गणित चुकेल. म्हणायचं असं: ‘कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग.’ भूमितीत तर ‘बाणाची खूण’, ‘काटकोनाची चौकट’ हेसुद्धा सांगावं लागतं. म्हणून ठरलेल्या लेखनिकाबरोबर निदान पाच पूर्ण पेपर बोलून सोडव, आणि अचानक तो आजारी पडला तर दुसरा कोण, तेही आधीच ठरवून ठेव. लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्व हवंच, असं कुणी सांगितलं तर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार निकाल दाखव. ती अट न्यायालयाने अमान्य केली आहे.

आता कागदपत्रं. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की झालं, असं नसतं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आठव्या वर्षी तपासणी झाली असेल तर चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी करायला सांगितलं होतं; आता काय आहे ते रुग्णालयात विचारून घे. तुझं चौदावं नेमकं दहावीच्या तोंडावर आलंय. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल कितीही जाडजूड असला तरी बोर्डाला अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तिथे आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका खेपेत होत नाही. शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि वह्या घेऊन जा. खाडाखोड असलेल्याच वह्या ने, छान अक्षरातल्या नकोत. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी आणि आधारशी अक्षरश: जुळतं का पाहा. टक्केवारी लिहिली आहे का तेही पाहा, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत, त्या ४० टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा, अर्ज त्याच फेरीत करून टाक.

आत्याच्या एनआयओएसबद्दल. मंडळ केंद्र सरकारचं आहे, प्रमाणपत्र चालतं, कुणी नाक मुरडलं तर दुर्लक्ष कर. माध्यमिकला पाच विषय, त्यात एक भाषा पुरते. आपल्या बोर्डात तीन भाषा असतात. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकेक विषय सोडवत जाता येतं. उपचारांमुळे महिनोन्महिने शाळा बुडते, किंवा सहा विषयांचा भार एकदम पेलत नाही, अशा मुलांना याचा खरा उपयोग होतो. कर्णबधिर मुलांना भारतीय सांकेतिक भाषा हा विषयही घेता येतो. पण गणित तिथेही सोडलंस तर बंद होणारी दारं तीच. शिवाय रोजचा वर्ग नाही, घंटा नाही, मागे लागणारं कुणी नाही. असाइनमेंटचे २० टक्के गुण बरेच जण निव्वळ आळसाने घालवतात. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्या क्लासच्या दारातही उभी राहू नकोस. आणि बारावीला मराठी माध्यम मिळणार का, हे दहावीचा फॉर्म भरायच्या आधी केंद्रावर विचार. तुझी हजेरी चांगली आहे, मैत्रिणी इथे आहेत, भाषांमध्ये गुण उत्तम आहेत. मला तुला शाळेतून काढायचं कारण दिसत नाही.

सवलतीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. कोणती सवलत हवी ते प्रत्येक ओळीत वेगळं लिही: जादा वेळ, वाचक, लेखनिक, कॅल्क्युलेटर. ‘नियमाप्रमाणे सर्व सवलती’ असं मोघम लिहिलं की कॅल्क्युलेटरसारखी एखादी हमखास राहून जाते. शिक्क्याची पोच घे, मूळ प्रमाणपत्र कुणाकडेही जमा करू नकोस, साक्षांकित प्रत दे. आणि नववीच्या पुढच्या घटक चाचणीपासूनच जादा वेळ माग. थेट बोर्डाला पहिल्यांदा ४० मिनिटं जास्त मिळाली की मुलं ती पेपर सुशोभित करण्यात घालवतात.

दोन रंगांचा पेपर तपासून झाला की पानांचे फोटो पाठव. एकूण गुण नकोत, हिरव्या शाईची पानं तेवढी हवीत.