बोटीवर राहायला जाताय? आधी घरी कसं येणार ते ठरवा

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं दिसतंय की तुम्ही दोघं चाळिशीच्या आसपास, पुण्यात आयटीत, काम रिमोट चालू राहील, मुलगी आठ वर्षांची, फ्लॅट भाड्याने देऊन मलेशियात लंगकावीला एखादी जुनी शिडाची बोट घ्यायची आणि दोन-तीन वर्षं तिथून थायलंडपर्यंत फिरत राहायचं, दोघांचेही आईवडील सत्तरीच्या पुढचे म्हणून वर्षातून दोनदा घरी यायचं. आणि विचारलंय काय तर वादळं, समुद्री चाचे आणि बोट किती फुटांची घ्यावी. सांगते सगळं, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात अवघड वाक्य "वर्षातून दोनदा घरी येऊ" हेच आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून मोकळे झालात.

आम्ही दोघं सिंगापूरच्या नोकऱ्या आटपून बोटीवर आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मूळची गुहागरकडची, नवरा डोंबिवलीचा, बोट अडतीस फुटी, वयाने जुनी. बोट कुठली घ्यायची त्याच्या आधी बोट कुठे सोडून घरी यायचं ते ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं.

आधी वादळांचं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे हवेला जो पीळ बसतो तो तिथे फार कमी असतो. लंगकावी सव्वासहा अंशांवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या अगदी काठाला, म्हणून इतक्या बोटी तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. अगदीच होत नाही असं मात्र नाही, डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरच्या शेजारी जेमतेम दीड अंशावर व्हामेई नावाचं वादळ झालं होतं, पण ते अपवाद म्हणूनच सांगितलं जातं. हेच कॅरिबियनमध्ये असतात तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा मोसम, त्या काळात बोट अमुक रेषेच्या आत नको अशी अट बऱ्याच विमा कंपन्या घालतात, म्हणजे तुमची सुट्टी विमावाला ठरवणार. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा लोक न्यूझीलंडला पळतात. त्यामुळे लंगकावीची निवड मला पटली. तिथला त्रास वेगळा आहे, पावसाळ्यात पहाटे सुमात्राकडून अचानक वाऱ्या-पावसाची सर येते, अर्ध्या तासात सगळं उलटंपालटं करून जाते, आणि विजा म्हणाल तर मलाक्काच्या सामुद्रधुनीइतक्या मी कोकणातसुद्धा बघितल्या नाहीत. वीज जवळपास पडली तरी बोटीतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं, म्हणून वादळी रात्री आम्ही एक जीपीएस नि हातातला व्हीएचएफ रेडिओ ओव्हनमध्ये ठेवतो, धातूच्या पेटीत ते वाचतात. चाच्यांचं जास्त मनावर घेऊ नका. रात्री दिवा न लावता फिरणाऱ्या मच्छीमारी होड्या, जाळी, आणि टगच्या मागे लांब दोरावर ओढत नेलेले बार्ज म्हणजे मालाचे तराफे, भीती बाळगायची तर यांची. आणि डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, आउटबोर्ड इंजिन चोरीला जातं ते.

आता मोसमाची गंमत अशी की आपला नैर्ऋत्य मान्सून तिकडेही त्याच काळात असतो. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला समुद्र, आणि डिसेंबर ते मार्च कोरडी हवा, ईशान्येचा वारा, सपाट पाणी, फिरायचा खरा मोसम हाच. म्हणजे गणपतीला नि दिवाळीला घरी यायचं तर तेव्हा बोट तशीही बांधूनच ठेवायची असते, हे जमून येतं. पण डिसेंबर-जानेवारीतली लग्नं आणि मुलीच्या आजी-आजोबांची "नाताळच्या सुट्टीत या" ही अपेक्षा, इथे गाडी अडते, कारण तेवढेच तर फिरायचे महिने. आमच्याकडे स्पष्ट सांगून ठेवलंय, गणपती पक्के, नाताळ नाही. आईला पटायला वेळ लागला.

पण ठरवून केलेल्या फेऱ्यांचं काय, तिकीट काढलं की झालं. न ठरवता यावं लागतं त्याचा विचार करा. सत्तरीच्या पुढचे चार जण म्हणजे कधीतरी रात्री फोन येणार आहे हे धरूनच चला. आमचा नियम असा की आईवडील आहेत तोवर बोट चांगल्या विमानतळापासून फार तर एका दिवसाच्या अंतरावर. लंगकावी ते फुकेत सव्वाशे-दीडशे नॉटिकल मैल, मध्ये नांगर टाकायला बेटंच बेटं, दोन्ही टोकांना आंतरराष्ट्रीय विमानतळ, क्वालालंपूरहून मुंबई पाचेक तास. आमच्यासारखी बोट ताशी ५ मैलांनी चालते, म्हणजे चोवीस तासांत १२०. याउलट पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटांहून मार्केसास बेटांना निघालात की ३००० मैल, तीन-चार आठवडे, मध्ये उतरता येत नाही. ते स्वप्न असेल तर असू द्या, पण ह्या तीन वर्षांत नको.

आणि फोन आल्यावर बोट कोणाच्या भरवशावर? बोट ही पाण्यात असताना बंद करून जायची वस्तू नाहीये. तळातले सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, म्हणजे होज फुटला तरी पाणी आत येणार नाही, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, टॉयलेटच्या पाइपात गोडं पाणी फिरवायचं नाहीतर परत आल्यावर जो वास येतो तो विचारू नका, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या वॉटरमेकरच्या मेम्ब्रेनला केमिकल भरून ठेवायचं, शिडं उतरवायची, दोर दुहेरी करून घासतील तिथे पाइपचे तुकडे चढवायचे, तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी सोलरवर चालू राहतेय बघायचं. घाईत हे होत नाही म्हणून आमच्याकडे एक लॅमिनेट केलेला कागद आहे, नवरा वाचतो मी करते किंवा उलट. एवढं करूनसुद्धा बुरशी येतेच, गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटं उघडी ठेवा, व्हिनेगरने पुसा. शिवाय पैसे देऊन एक माणूस ठरवा जो आठवड्याला येऊन बोट उघडेल, पंप बघेल आणि फोटो पाठवेल. पैसे महिन्याला द्या पण फोटो आल्यावर द्या. जास्त दिवस जाणार असाल तर बोट पाण्याबाहेर यार्डात काढलेली बरी, तळाचा रंगही उरकतो, उष्ण पाण्यात शेवाळ नि बार्नॅकल इतके भराभर चढतात की नाहीतरी दीड-दोन वर्षांनी काढावीच लागते. मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचं बंदर, शंभर टक्के सुरक्षित असंही नाही बरं का, २००४ च्या त्सुनामीत लंगकावीच्या रेबाक आणि तेलागा दोन्ही मरीनांची मोडतोड झाली होती.

व्हिसाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये आणि युरोपियन लोकांचे व्हिडिओ बघून प्लॅन केलाय असा मला दाट संशय आहे. त्यांना मलेशियात ९० दिवस मिळतात. आपल्या पासपोर्टला डिसेंबर २०२३ पासून व्हिसा लागत नाही, ही सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे, पण मिळतात ३० दिवस. बोट देशात किती राहू शकते त्याचा नियम वेगळा, माणूस किती राहू शकतो त्याचा वेगळा, आणि दर महिन्याला फेरीबोटीने थायलंडला जाऊन परत आलात तर इमिग्रेशनवाला तिसऱ्या-चौथ्या खेपेला विचारणारच. तुम्ही आयटीत आहात तर मलेशियाचा डीई रन्ताऊ पास बघा, रिमोट काम करणाऱ्यांसाठी आहे, टेक कामासाठी वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, बारा महिन्यांपर्यंत मिळतो आणि पुढे वाढवता येतो, कुटुंबालाही घेता येतं. आणि एखाद्या देशाचा ऑन अरायव्हल व्हिसा विमानतळावर मिळतो म्हणजे बोटीने गेलात तर त्या बंदरावर मिळेलच असं नाही, प्रत्येक ठिकाणी आधी मेल करून विचारा आणि उत्तर प्रिंट करून ठेवा. प्रत्येक नव्या देशात पिवळा झेंडा लावून आत शिरायचं, मग हार्बर मास्तर, कस्टम्स, इमिग्रेशन, निघताना पुन्हा हेच उलटं. कॉलरचा शर्ट घालून जा, फरक पडतो.

टॅक्सचं सीएला विचारा, पण बोटीवरचा सीए शोधू नका, सापडणार नाही. फक्त दोन गोष्टी डोक्यात ठेवा. बरेच जण समजतात की वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलो की एनआरआय झालो आणि कुठेच टॅक्स नाही. २०२० पासून नियम असा आहे की भारतीय नागरिकाचं भारतातून येणारं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्सला पात्र नसेल तर त्याला भारताचा रहिवासी धरतात. कुठल्याच देशात न राहणारे म्हणजे आपणच की. दुसरं, बोटीचे पैसे भारतातून पाठवणार असाल तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, बँक आधी घेते, तो रिटर्न भरल्यावर ॲडजस्ट होतो पण तोवर पैसा अडकतो. बोट विकणारा तुमच्या रिफंडसाठी थांबत नाही. खर्चाचा अंदाज म्हणून बोटीच्या किमतीच्या १० टक्के दरवर्षी देखभालीला असं लोक म्हणतात, जुन्या बोटीला मी तरी त्याहून जास्त धरीन.

रोजचं जगणं पटकन सांगते कारण त्याची सवय होते. पाणी मोजून. भांडी समुद्राच्या पाण्यात, शेवटची विसळणी फक्त गोड्या पाण्यात. फ्रिज सगळ्यात जास्त वीज खातो. स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट मलेशियात २०२३ पासून आहे त्यामुळे तुमच्या मीटिंगा होतील, पण जोराचा पाऊस आला की अडखळतं. कुकर ही बोटीवरची सर्वोत्तम वस्तू, झाकण लागतं त्यामुळे बोट कलली तरी आमटी आतच राहते, आणि हे गोऱ्या शेजाऱ्यांना पटवून देऊन मी अर्ध्या मरीनाला कुकर आणायला लावलाय. पुठ्ठ्याचे खोके बोटीत आणायचे नाहीत, झुरळांची अंडी त्यातूनच येतात, सगळं धक्क्यावरच काढून डब्यात भरायचं. बांगडा, सुरमई बाजारात मिळते, डाळी-तांदूळ लंगकावीच्या कुआह गावात मिळतात, पेनांगला गेलात तर लिटल इंडियात सगळंच. गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट मात्र घरूनच. मुलीच्या शाळेबद्दल मी बोलत नाही, आमचा मुलगा आम्ही निघालो तेव्हा कॉलेजात होता, ज्यांची लहान मुलं बोटीवर आहेत त्यांना विचारा, लंगकावीत बरेच भेटतील.

घरी येताना बॅग नीट तपासा. बोटीवर सगळे गार्मिनचं इनरीच, म्हणजे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र, किंवा सॅटफोन वापरतात आणि भारतात परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं बेकायदा आहे, नकळत घेऊन आलेले परदेशी प्रवासी विमानतळावर अडकलेत, गोव्यातसुद्धा. बोटीवरच ठेवून या. जाताना बॅग रिकामी नसतेच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नटबोल्ट, बेअरिंग, होज क्लिप, आणि दारूखान्यात जहाजं फोडून आलेलं जे जे काय मिळतं त्यात नवऱ्याचा एक अख्खा दिवस जातो. दात, डोळे, रक्ताच्या तपासण्या, पासपोर्ट, बँकेचं केवायसी, सगळं त्याच फेरीत, त्यामुळे सुट्टी वगैरे काही नसते. पहिले चार दिवस बाथरूममध्ये डोळे मिटले की जमीन हलते, ते सोडून द्या. काका-मावश्यांचा "अजून बोटीवरच का?" हा प्रश्नही सोडून द्या.

कोणीतरी तुम्हाला सांगेलच की मग बोट घेऊन कोकणातच या ना. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यॉट ठेवण्यासारखी जागा नाही, मुंबईत गेटवेसमोरच्या बोटी जूनच्या आत बाहेर काढतात. परदेशी झेंड्याच्या बोटीला कागदपत्रं भरपूर, अंदमानला जायचं तरी पोर्ट ब्लेअरला, आता श्री विजयपुरम, कुठे कुठे जाणार त्याची यादी आधी द्यावी लागते. नाहीतर बोटी बांधायच्या तर आपल्याकडे फर्स्टक्लास बांधतात, २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने ज्या 'म्हादेई'वरून पृथ्वीला फेरी मारून आले ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. ठेवायला जागा नाही एवढंच.

निघायच्या आधी दोघांनीही आरवायएचे, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे, कॉम्पिटंट क्रू आणि डे स्किपर हे बोट चालवायचे कोर्स करा, दोघांनीही, एकाने नाही, कारण घरून फोन एकाला आला तर बोटीवर दुसरा राहतो. आणि आईवडिलांना एकदा बोटीवर आणा, फक्त मरीनात बांधलेली असताना, डिंगीतून चढउतार त्यांना झेपणार नाही. माझी आई आली तेव्हा तिने पहिल्यांदा गॅस कुठे बंद होतो ते विचारलं आणि मगच चहा घेतला.

तुम्ही पाठवलेली ४२ फुटी बोटीची जाहिरात बघितली. फोटोत छान दिसतेय पण डेकला जुनं सागवान स्क्रूने बसवलंय, त्या प्रत्येक भोकातून पाणी आत गाभ्यात मुरत असतं आणि लंगकावीच्या पावसात ते दुरुस्त करायला बोटीच्या निम्मे पैसे जाऊ शकतात. मास्टचे, म्हणजे डोलकाठीचे, स्टीलचे दोर कधी बदलले ते लिहिलेलं नाही, दहा वर्षांच्या वरचे असतील तर विमावाला बदलायलाच लावेल. विकणाऱ्याने सुचवलेला सर्व्हेयर घेऊ नका, स्वतःचा शोधा आणि बोट पाण्याबाहेर काढूनच बघायला सांगा. रिपोर्ट आला की पाठवा, नवरा वाचेल.