ग्रीनहाऊस, पॉलिहाऊस आणि शेडनेट एकच का?

नाही. ग्रीनहाऊस म्हणजे हरितगृह, हे सगळ्या कुळाचं नाव. साधारण २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिक कागद घातला की पॉलिहाऊस, जाळी घातली की शेडनेट. तासगावकडच्या बेदाणा शेडला हिरवी जाळी असते, पण तेवढ्यावरून तिला ग्रीनहाऊस म्हणू नका. तिथे पीक वाढत नाही, द्राक्षं वाळतात.

पॉलिहाऊस तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा कोंडल्यामुळे. म्हणून ऊन चढायच्या आत बाजूचे पडदे उघडा. बंद राहिले तर दमटपणा साचतो आणि ढोबळी मिरचीवर, जरबेराच्या फुलझाडांवर बुरशीजन्य रोग येतात. या चुकीनेच फार नुकसान होतं.

‘हरितगृह वायू’ हा शब्द इथूनच आला, पण वातावरणात अशी हवा कोंडत नाही: कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता शोषून काही परत खाली पाठवतात.