समासातलं ‘कोण म्हणतं?’

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

कोशासाठी तू लिहिलेली स्वतंत्र पक्षाची, म्हणजे राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारींनी) १९५९ साली काढलेल्या पक्षाची, नोंद मिळाली. रात्री एकदा वाचली, सकाळी पुन्हा वाचली. मेहनत दिसते. पण पहिलंच वाक्य मला अडलं: ‘स्वतंत्र पक्ष हा राजेरजवाडे आणि भांडवलदारांचा प्रतिगामी पक्ष होता.’

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. कोशाच्या कामाला नवीन लागले होते तेव्हा मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं. आमच्या संपादकांनी त्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोण म्हणतं?’ मला राग आला. सगळेच तर म्हणतात! मग दोन दिवस ग्रंथालयात बसून जुनी भाषणं आणि वृत्तपत्रं चाळली, तेव्हा ध्यानात आलं की म्हणणारे बहुतेक सगळे त्या पक्षाचे विरोधक होते. काँग्रेसचे पुढारी म्हणत होते, कम्युनिस्ट म्हणत होते. हा आरोप नोंदीत यायलाच हवा, कारण तो सतत झाला आणि पक्षाला चिकटला. मात्र तो करणाऱ्याच्या नावावर घाल. कोशाच्या तोंडी नको.

आता त्यात तथ्य किती, ते प्रांतवार बघ. ओरिसात १९६७ साली या पक्षाचे मुख्यमंत्री झालेले राजेंद्र नारायण सिंहदेव हे तिथल्याच पूर्वीच्या पाटणा संस्थानचे (बिहारचं पाटणा नव्हे) राजे. जयपूरहून १९६२ साली प्रचंड मताधिक्याने निवडून आल्या त्या महाराणी गायत्रीदेवी. तिथे ‘राजेरजवाडे’ हा शब्द चपखल बसतो, आणि तो गाळलास तर तीही लबाडीच. पण पक्षाचे पहिले अध्यक्ष कोण? एन. जी. रंगा, १९३६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय किसान सभेचे पहिले सरचिटणीस. पक्षाचे सरचिटणीस मिनू मसानी तर १९३४च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी. त्या समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली तेव्हा जयप्रकाशांबरोबर तेही तिथे होते. गुजरातेत पक्ष उभा केला तो वल्लभ विद्यानगर वसवणाऱ्या भाईकाकांनी, म्हणजे भाईलालभाई पटेलांनी. यातलं कुणीच ‘राजेरजवाड्यां’त बसत नाही.

आणंदजवळच्या एका गावी मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला भेटले होते. ओसरीवर बसून त्यांनी जमिनीचा जुना उतारा उलगडून दाखवला. घड्यांवर विरलेला, मागून कापडाची पट्टी चिकटवलेला. सामुदायिक शेती येणार अशी हूल गावात उठली तेव्हा काय काय बोललं गेलं, ते सांगत असताना त्यांनी त्या कागदावरचा हात उचलला नाही. ‘तारा’ या चिन्हावर शिक्का मारताना त्यांच्या मनात कुठला महाराजा नव्हता, स्वतःचं वावर होतं. तुझी नोंद त्यांना वाचून दाखवली असती तर त्यांना त्यात आपण कुठे सापडलो असतो का, हा प्रश्न तू स्वतःला विचारावास असं मला मनापासून वाटतं.

म्हणून सुरुवात नागपूरपासून कर. जानेवारी १९५९मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. त्याच वर्षी ४ जूनला मद्रासला नव्या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टात मुंबईत तयारीचं अधिवेशन भरलं. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. पक्षाची २१ तत्त्वं आहेत. ती मुळातून वाच, दुसऱ्याच्या सारांशावर भागवू नकोस. त्यातलं एक तत्त्व सांगतं की मूलभूत तत्त्वांबाहेरच्या सगळ्या प्रश्नांवर सभासदाला आपलं मत ठेवायला मोकळीक आहे. हे निसटलं की पक्ष नुसता गोंधळलेला वाटू लागतो. राजाजी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. १९३७ साली मद्रास प्रांताच्या सरकारचे प्रमुख असताना सालेम जिल्ह्यात त्यांनीच ती आणली. तरी पक्षाच्या तत्त्वांत दारूबंदी नाही. हा गोंधळ म्हणायचा की ठरवून ठेवलेली मोकळीक, ते वाचकाला ठरवू दे.

‘पुराणमतवादी’ या तुझ्या शब्दाबद्दल. मराठीत तो उच्चारला की सोवळं-ओवळं आणि रूढी डोळ्यांपुढे येतात. करपात्री महाराजांच्या रामराज्य परिषदेला तो लागू पडतो. हिंदू कोड बिलाला विरोध करत त्या पक्षाने १९५२च्या लोकसभेत ३ जागा मिळवल्या होत्या. तोच शब्द तू स्वतंत्र पक्षाला लावतोस, आणि दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात जातात. स्वतंत्र पक्षाचं मुख्य भांडण मालमत्तेच्या हक्काचं आणि सरकारी नियंत्रणाचं होतं. ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा राजाजींचा शब्दप्रयोग आपण अजून वापरतो. मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात १९३९ साली हरिजनप्रवेश झाला तेव्हा त्याला कायद्याचं संरक्षण राजाजींच्या सरकारने दिलं. त्याच राजाजींनी १९५३ साली मद्रासमध्ये अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, आणि ती जात पक्की करणारी आहे म्हणून लोक खवळले. एक मांडून दुसरं झाकलं तर तो माणूस पुरा दिसत नाही, आणि त्याचा पक्षही.

आकड्यांपाशी तू घाई केली आहेस. ‘छोटा पक्ष’ एवढ्यावर भागवलंस. १९६२ साली लोकसभेत १८ जागा, मतं ७.९ टक्के. १९६७ साली ४४ जागा, मतं ८.७ टक्के. जागा दुपटीहून जास्त झाल्या आणि मतं टक्काभरसुद्धा वाढली नाहीत. कारण मतं काही प्रांतांत एकवटली होती, आणि ठिकठिकाणी जागावाटपाचे समझोते झाले होते. त्याच निवडणुकीत जनसंघाला मतं जास्त पडली, सुमारे ९.३ टक्के, पण जागा ३५च. म्हणजे ‘सर्वांत मोठा विरोधी पक्ष’ हे जागांच्या हिशेबाने खरं, मतांच्या हिशेबाने नाही. तसं स्पष्ट लिही. १९७१ साली ८ जागा उरल्या, १९७२च्या डिसेंबरात राजाजी गेले आणि १९७४ साली पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रात त्याला कधी पाय रोवता आले नाहीत, मुंबईत इतकी ऊठबस असूनही. हे एका ओळीत येऊ दे.

तुझा शेवटचा परिच्छेद मला पहिल्या वाक्याइतकाच खटकला, उलट कारणाने. ‘१९९१च्या आर्थिक धोरणाने स्वतंत्र पक्षाला खरं ठरवलं.’ सुरुवातीला फाशी, शेवटी हार! निकाल दोन्हीकडे तूच देतो आहेस. त्यापेक्षा पक्षाने काय काय केलं ते सांग. बँक राष्ट्रीयीकरणाला पक्षाचा विरोध होता, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले रुस्तम कूपर पक्षाचे नेते होते. फेब्रुवारी १९७०मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद करण्यालाही पक्षाने विरोध केला. एका विरोधामागे तत्त्व शोधायचं आणि दुसऱ्यामागे नुसता स्वार्थ, असं करू नकोस. दोन्ही ठिकाणी पक्षाचा युक्तिवाद घटनेच्या शब्दाचा होता. दोन्ही ठिकाणी त्याच्या पाठीराख्यांचं हितही गुंतलेलं होतं. दोन्ही लिही.

एक दुरुस्ती तातडीची. शरद जोशींनी १९९४ साली स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष तू याच पक्षाची शाखा म्हणून दाखवला आहेस. विचारांचं नातं आहे, पण संघटना वेगळी, माणसं वेगळी, शेतकरी संघटनेच्या आंदोलनातून आलेली. मराठी वाचक ही गल्लत लगेच पकडेल, आणि मग तुझ्या बाकीच्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडेल.

दुसरा खर्डा हातानेच लिहून पाठव. प्रत्येक विशेषणापुढे ते कुणाचं आहे ते शिसपेन्सिलीने लिही. जिथे नाव सापडणार नाही तिथे विशेषण काढून टाक. आणि डावीकडचा समास चांगला तीन बोटं सोड, मला लिहायला जागा हवी.

तुझ्या,
बाई