फॅन्टसी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) पहिल्यांदाच खेळायचाय. ओपन-वर्ल्ड घेऊ की पार्टीवाला?

तुम्ही लिहिलंय की आजवर क्रिकेट आणि रेसिंगचेच गेम खेळलात. आता तलवार, जादू, ड्रॅगन असलेला एखादा मोठा गेम हवाय, पण एक मित्र स्कायरिम (हा ओपन-वर्ल्ड) घे म्हणतो आणि दुसरा बाल्डर्स गेट (हा पार्टीवाला). रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास मिळतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मीही नागपूरचीच. दोन्ही प्रकार २०१० पासून खेळून राहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या दोन प्रकारांतला फरक विचारला की लोक नकाशा किती मोठा आणि कॅमेरा कुठून, हे सांगतात. ते खरंच आहे. ओपन-वर्ल्डमध्ये तुम्ही एकटे, सगळा मुलूख मोकळा. पार्टीच्या गेममध्ये चार ते सहा जणांची टोळी तुमच्या हाताखाली, आणि लढाईत प्रत्येकाला काय करायचं ते तुम्ही सांगायचं. पण माझ्या मते खरा फरक दुसराच आहे. ओपन-वर्ल्ड गेम तुम्हाला कशालाच नाही म्हणत नाही. पार्टीच्या गेममध्ये सोबत चालणारी माणसं नाही म्हणतात, आणि त्यांचं नाही लागतं.

स्कायरिम आला २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, माझ्या हाती लागला २०१३ च्या मे महिन्यात. घरात एकच कूलर होता, तो हॉलमध्ये, म्हणून कॉम्प्युटरही हॉलमध्ये आणलेला. बाहेर पारा ४५ च्या वर, खसचा ओला वास, बाबा चटईवर झोपलेले, आणि स्क्रीनवर बर्फ पडतोय. सुरुवातीला रिव्हरवूड नावाचं नदीकाठचं छोटं गाव लागतं. तिथून व्हाइटरन शहरात जाऊन जार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, ड्रॅगन आल्याची खबर द्यायची असते. तातडीचं काम! मी मात्र नदीकाठी फुलपाखरं पकडत बसले. त्यात फुलपाखराचा पंख खाऊन बघता येतो, म्हणजे औषध बनवताना त्याचा एक गुण कळतो. मग गावाच्या वरच्या डोंगरावरचे जुने अवशेष दिसले, म्हणून तो चढ चढले. वाटेत पडका बुरूज, त्यात दरोडेखोर. वर पोचून मागे वळून पाहिलं तर नदी खाली बारीक रेघेसारखी आणि हवेत हिम. गेमने मला तिथे जायला सांगितलं नव्हतं, मीच गेले होते. ते सुख दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला तसं मिळालं नाही.

त्यात क्लास, म्हणजे योद्धा की जादूगार असा पेशा, निवडावा लागत नाही. १८ कौशल्यं आहेत, आणि जे वापराल ते वाढतं. लपतछपत चाललात तर लपणं सुधारतं, लोहारकाम केलंत तर लोहारकी. नवख्या माणसाला ही पद्धत फार सोयीची, कारण चुकीचं काही निवडलं जाण्याची धास्तीच नसते. पण याचीच दुसरी बाजू बघा. माझं एकच कॅरेक्टर जादूगारांच्या विद्यालयाचं प्रमुख झालं, चोरांच्या गिल्डचंही झालं, मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेतही वर पोचलं आणि योद्ध्यांच्या टोळीचं नेतृत्वही त्याच्याकडेच आलं. एकानेही विचारलं नाही की तू नेमकी कोणाची? सोबत एखादा साथीदार घेता येतो, पण तो सामान वाहतो आणि मागे चालतो. तुम्ही काय करताय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

आता दुसरा प्रकार. ड्रॅगन एज: ओरिजिन्स, २००९ चा. दादाने इंजिनिअरिंगसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर मी तो पुढच्या वर्षी खेळले. माझ्या टोळीत विन नावाची एक म्हातारी जादूगार होती. सगळ्यांच्या जखमा तीच भरायची. तळावर गेलं की तिच्याशी बोलायचं, ती तिच्या जुन्या चुका सांगायची. पुढे एका ठिकाणी एका पवित्र स्त्रीच्या अस्थिरक्षेपर्यंत आपण पोचतो. तिथे एक माणूस सौदा करतो: त्या राखेत ड्रॅगनचं रक्त ओत, मी तुला नवीन युद्धविद्या देतो. मला ती विद्या हवी होती, मी रक्त ओतलं. आणि विन माझ्यावर उलटली. चाळीसेक तास जिने मला मरू दिलं नाही, तिच्याशी मला लढावं लागलं. जुनी सेव्ह लोड करता आली असती, पण मी केली नाही. उरलेला सगळा गेम हीलरशिवाय, औषधाच्या बाटल्यांवर काढला. दर लढाईत ती जागा रिकामी जाणवायची.

पार्टीचा गेम म्हणजे हे. तुमचा निर्णय बघणारे लोक तिथेच उभे असतात आणि त्यांना स्वतःचं मत असतं.

तुमच्या तास-दीड तासाबद्दल बहुतेक जण सांगतील की थोडाच वेळ असेल तर ओपन-वर्ल्ड बरा, कुठेही थांबता येतं. माझा अनुभव उलटा आहे. ओपन-वर्ल्डमध्ये तासाभरात मी रस्ता चालते, दुकानात वस्तू विकते, एक गुहा अर्धी बघते, आणि झोपायची वेळ होते. त्याला मोकळी दुपार लागते, शक्यतो लागोपाठ तीन-चार. पार्टीच्या गेममध्ये एक लढाई किंवा तळावरची एक रात्र तासात नीट बसते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना डोक्यात तीच चालू राहते.

लढाई म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. बाल्डर्स गेट ३ (लॅरियन स्टुडिओज, २०२३) मी भाच्याच्या मशीनवर खेळते, रविवारी. एका उजाड गावातल्या विहिरीखाली कोळ्यांची गुहा आहे आणि तिथे एक महाकाय कोळीण. ती क्षणात गायब होऊन दुसरीकडे उगवते, तिची अंडी फुटली की पिल्लं बाहेर पडतात. मी दोनदा हरले. तिसऱ्यांदा पुन्हा तिच्यावर बाण मारायला लागले तर भाचा म्हणाला, "मावशी, तिला कशाला मारून राहिली तू? ती ज्या जाळ्यावर उभी आहे ते जाळून टाक ना." गेल नावाचा जादूगार आहे, त्याचा साधा आगीचा मंत्र जाळ्यावर सोडला. जाळं क्षणात पेटलं आणि ती दरीत आपटली. पडण्याचा मार वेगळा बसला, उरलेलं टोळीतल्या लेझेल नावाच्या योद्धीच्या तलवारीने झालं. हा गेम टर्नवर चालतो, म्हणजे तुमच्या माणसाची पाळी असताना सगळं थांबलेलं असतं. वीस बाजूंच्या फाशावर नेम ठरतो. उंचावर उभं राहिलं तर नेम अधिक लागतो, पाण्यात उभ्या शत्रूवर वीज सोडली तर जास्त मार बसतो. मध्येच लढाई सेव्हही करता येते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटते.

पण तुमच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. त्याला १५० जीबी जागा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. त्यासाठी कर्ज काढून नवीन मशीन घेऊ नका. १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट सुधारित आवृत्तीत आजही मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात सहा जणांची पार्टी आहे आणि लढाई चालू असताना स्पेसबार दाबून थांबवायची असते. पण पहिल्या लेव्हलला जादूगाराकडे दिवसाला एखाद-दुसरा मंत्र असतो, दोन फटक्यांत माणूस मरतो. पहिलाच गेम म्हणून मी कोणाला देणार नाही. पाथफाइंडर नावाचे पार्टीवाले गेम तर अजिबात नको, त्यात कॅरेक्टर बनवण्यातच संध्याकाळ जाते.

दोन्हींचं मिश्रण हवं असेल तर २०१४ चा ड्रॅगन एज: इन्क्विझिशन आहे. मोठे मोकळे प्रदेश आणि चौघांची पार्टी. पण त्यातला हिंटरलँड्स हा सुरुवातीचा भाग संपवायच्या नादात लोक तिथेच अडकतात आणि गेम सोडतात. विचर ३ (२०१५) हा ओपन-वर्ल्ड असूनही माणसांच्या बाबतीत पार्टीच्या गेमइतकाच सकस आहे. त्यातल्या वेलेन नावाच्या मुलखातल्या जहागीरदाराच्या हरवलेल्या बायको-मुलीची गोष्ट मी आजही विसरलेले नाही. मशीन बदललं की तो नक्की घ्या, आणि त्याच्या नकाशावर समुद्रात दिसणारी ती सगळी प्रश्नचिन्हं खुशाल सोडून द्या.

आत्ताच्या लॅपटॉपवर आणि रात्रीच्या वेळात ड्रॅगन एज: ओरिजिन्स सुरू करा. स्कायरिमची २०११ ची मूळ आवृत्ती कमी सेटिंगवर चालेल, पण ती दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. ओरिजिन्समध्ये अवघडपणा खुशाल सोप्यावर ठेवा. टॅक्टिक्सच्या पानावर प्रत्येक साथीदाराला नियम लावून देता येतात, जसं "कोणाचं रक्त अर्ध्याखाली गेलं की बरं कर". पहिल्या रात्री एवढं एक पान नीट बघा, पुढची अर्धी दमछाक वाचेल. साथीदारांना भेटवस्तू देताना घाई करू नका, कोणाला काय आवडतं ते त्यांच्या बोलण्यातून कळतं. आणि सेव्ह वरचेवर, जुना गेम आहे.

सुरुवातीच्या सहा कहाण्यांपैकी मानवी सरदारघराण्याची घ्या. तिच्यात घरातल्या माणसांची ओळख नीट होते, त्यामुळे पुढे जे घडतं ते लागतं. शिवाय पहिल्याच तासात एक कुत्रा सोबत येतो आणि शेवटपर्यंत राहतो. त्याचं नाव तुम्हालाच ठेवायचं असतं. माझा शेरू होता.