उडी खेळाडूची, मोल बुटांचे

प्रश्न : बास्केटबॉलमधील गाजलेल्या क्षणांच्या चित्रफिती पाहताना लक्ष बुटांकडेच जाते आणि तेच घ्यावेसे वाटतात. हे वेड आले कोठून?

उत्तर : नायकी या बूट कंपनीने १९८४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनशी करार केला आणि १९८५ मध्ये ‘एअर जॉर्डन’ बाजारात आले, तेथून. एनबीएने (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) त्याच्या काळ्या-लाल बुटांना हरकत घेतली, तेव्हा कंपनीने त्या हरकतीचीच जाहिरात केली (धूर्तपणा वाखाणण्याजोगाच!). मला मात्र १९८८ ची शिकागोतील डंक (उंच उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याची) स्पर्धा अधिक महत्त्वाची वाटते. बास्केटपासून बऱ्याच अंतरावरील फ्री थ्रो रेषेजवळून झेपावलेल्या जॉर्डनच्या पायांत टिंकर हॅटफिल्ड यांनी रचलेले ‘एअर जॉर्डन ३’ होते, आणि टाचेतील हवेची पिशवी बाहेरून दिसणारे त्या मालिकेतील ते पहिलेच बूट असल्यामुळे, ती झेप जणू बुटांनीच घेतली असा भास पाहणाऱ्याला आजही होतो. अर्थात उडी पायांची असते. एनबीएने २०१८-१९ च्या हंगामापासून बुटांच्या रंगांवरील निर्बंध उठवल्याने हा मोह वाढलाच आहे. संग्रहासाठी जरूर घ्या; परंतु वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना जोड घालून खेळू नका, कारण बुटाच्या तळव्यातील पॉलियुरेथेन (एक प्रकारचे प्लास्टिक) हवेतील ओलाव्याने ठिसूळ होते आणि चालता चालता त्याचा भुगा होऊ शकतो.